रान कुणाचं?

पावसाळा लागला की हल्ली शहरात रानभाज्यांचं कौतुक सुरू होतं. कृषी खातं जिल्ह्याजिल्ह्यात रानभाजी महोत्सव भरवतं. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर ताटल्या, ताटल्यांत तरोटा, कुर्डू, करटुली, पाथरी. शेजारी चिठ्ठी : हिच्यात लोह आहे, तिच्यात चुना आहे. सुट्टीच्या दिवशी गाडीतून डोंगराला आलेली कुटुंबं पोरांना झाडं दाखवतात, फोटो काढतात, जुडी विकत घेऊन जातात. त्याबद्दल आपली तक्रार नाही. पोरांना झाडं कळली पाहिजेत. पण त्या चिठ्ठीवर एक गोष्ट कधी लिहिलेली नसते. ही भाजी पिढ्यान्‌पिढ्या कुणी खुडली? कुणाच्या बांधावरून खुडली? आणि खुडताना कुणाच्या शिव्या खाल्ल्या?

आमच्याही आया पोरं घेऊन रानात जात होत्या. बारा महिने जात होत्या. त्याला कुणी सहल म्हटलं नाही. वाड्यात त्याला नुसतं ‘रानात जाणं’ म्हणत. या जाण्याला इतिहास आहे. त्यात कायदे आहेत, सनावळ्या आहेत, तुरुंग आहेत. आपल्या तरुण कार्यकर्त्याला महाडचा सत्याग्रह तारखेसकट पाठ असतो, आणि असलाच पाहिजे. पण गावानं बहिष्कार टाकला त्या दिवसांत महारवाड्यातल्या चुलीवर काय शिजत होतं, हा प्रश्न आपण विचारत नाही. आपला इतिहास सभेचा आहे, ठरावाचा आहे, मोर्चाचा आहे. परडीचा इतिहास अजून लिहायचा राहिला आहे.

१. गावाचा नकाशा

गाव म्हणजे पांढरी आणि काळी. पांढरीत घरं, काळीत पिकं. महारवाडा, मांगवाडा पांढरीच्याही बाहेर. काळीत आमच्या वाट्याला हाडकी-हाडोळा, म्हणजे वतनाचा तुकडा. तोही भावकीत वाटून वाटून रुमालाएवढा झालेला. मग उरलं काय? गायरान, पडीक, ओढ्याचा काठ, नदीचं पात्र, मसणवटा, बांध आणि डोंगराचं रान. गावाला जे नको होतं किंवा सगळ्यांचं म्हणून कुणाचंच नव्हतं, तेवढ्यावर आमच्या माणसांनी पोट भरलं.

यातली विसंगती बघा. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की साक्ष महाराची. कोणता दगड कुठं होता, ओढा कोणत्या पुरात वळला, हे त्याला ठाऊक. त्याच्या शब्दावर शीव ठरायची. ज्याला सगळ्या गावची हद्द तोंडपाठ, त्याच्या नावावर मात्र धड चार बिघे जमीन नाही. सरकारी अंमलदार गावात उतरला की त्याच्या घोड्याला गवत आणि चुलीला लाकूड महारानं आणायचं. ती वेठ. म्हणजे साहेबासाठी मोळी आणली की ते कर्तव्य, आणि आपल्या चुलीसाठी आणली की चोरी!

मांगवाड्याचंही तेच. घायपातापासून दोर वळायचे, शिंदीपासून केरसुण्या बांधायच्या. घायपात आणि शिंदी ओढ्याकाठी, पडिकात. म्हणजे ज्या दोरानं पाटलाची मोट ओढली, तो दोर रानातून आला. रान बंद झालं की धंदाच बंद.

आणि पारधी, कैकाडी, वडार यांचं काय? त्यांचं तर चालणंच गुन्हा ठरलं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला. हजेरी द्यायची, परवाना घ्यायचा, मग दुसऱ्या गावाला जायचं. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. आज कुणी हातात काठी घेऊन डोंगरात भटकतो त्याला छंद म्हणतात. त्याच डोंगरात पारधी दिसला की लोक अजूनही पोलीस पाटलाला निरोप धाडतात.

२. बारा महिन्यांचं रान

आता रानात काय होतं ते सांगतो. कारण ‘गरीब लोक पाला खात होते’ एवढ्या एका वाक्यात आमच्या बायांचं सगळं शास्त्र गुंडाळून ठेवलेलं आहे.

मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत तरोटा उगवतो. कोकणात, घाटावर त्याला टाकळा म्हणतात. तो कवळा आहे तोवरच खायचा. पान जून झालं की कडू आणि चिवट. पहिली भाजी निवडून, उकडून, पाणी पिळून टाकून कांदा-मिरचीवर परतायची. सोबत तांदुळजा, घोळ, आणि घोळीची बारीक पानांची बहीण चिवळ. आषाढात घरातली ज्वारी संपत आलेली असते, नवं पीक अजून वीतभर असतं. नेमक्या त्याच दिवसांत ही भाजी येते. भाकरी अर्धी आणि भाजी दुप्पट, असा तो हिशेब होता. सावकाराकडं जाण्याचे दिवस या भाजीनं काही प्रमाणात पुढं ढकलले.

श्रावण-भादव्यात कुर्डू, केना, कुंजरं, आघाडा. काट्याकुपाटीवर करटुलीचे वेल चढतात. करटुलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. फळ मादीलाच धरतं. आमच्या आयांना हे कुठल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. त्या पोरांना दटावायच्या, ‘‘फळं तोड, पर कांदा उपटू नगं. पुढल्या साली काय खाशील?’’ जमिनीतला कंद राहिला तर वेल दर पावसाळ्यात पुन्हा फुटतो. आज पर्यावरणवाले ज्याला जतन म्हणतात, ते या एका वाक्यात आलं.

याच भादव्यात ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून वरच्या जातींच्या बाया नांगर न लागलेल्या जागेतल्या भाज्या शोधून शोधून शिजवतात. ते व्रत. गणपतीला पत्री लागते, त्यात आघाडा असतो. तो पवित्र. आणि हाच आघाडा, हीच भाजी आमच्या ताटात रोज आली की ती दरिद्र्याची खूण! भाजी तीच, पण ताट कुणाचं त्यावर तिची जात ठरते.

सुगीत सरवा. शेतकऱ्यानं कणसं खुडून, पेंढ्या बांधून नेल्या की मागं पडलेली कणसं वेचायची. भुईमूग उपटून झाला की माती उकरून राहिलेल्या शेंगा काढायच्या. उंदराच्या बिळात साठवलेलं धान्यसुद्धा खणून काढलं जाई. घरातलं लहान पोरगंही या कामाला येई, कारण वाकायला त्याला सोपं जातं. सरवा वेचू द्यायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर. काही शेतकरी मुद्दाम चार कणसं मागं ठेवत. तेही खरं आहे आणि ते सांगितलं पाहिजे. पण मर्जी ती मर्जी. ती हक्क नसते. आज हसून ‘वेचा’ म्हणणारा उद्या ग्रामपंचायतीच्या मतदानावरून ‘बांधाला पाय लावायचा नाही’ म्हणू शकतो.

हिवाळ्यात रब्बीच्या रानात पाथरी. पान तोडलं की पांढरा चीक निघतो. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती देत. गव्हा-हरभऱ्यात चंदनबटवा, चाकवत. करडईची कवळी रोपं विरळणी करताना मिळत. संक्रांतीच्या आसपास बोरं. ती वाळवून ठेवायची. मग चिंचा, कवठं. उन्हाळ्यात चिंचेचा कवळा पाला, उंबरं, डिंक. पाऊस तोंडावर आला की निंबोळ्या वेचून विकायच्या. सह्याद्रीकडं करवंदं, जांभळं. कोकणात पावसाच्या तोंडावर शेवळं येतात. ती घशाला खाजतात, म्हणून काकडाची आंबट फळं घालून शिजवतात. विदर्भात चैताच्या आसपास पहाटे मोहफुलं वेचायची आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता. आणि बारा महिने तेरा काळ जळण आणि शेण. भाजी एक वेळ नसली तरी चालेल, चूल पेटली पाहिजे.

नुसतं खाण्यापुरतंही हे नव्हतं. मोळी, गवताचा भारा, करवंदाची पाटी डोक्यावर घेऊन बाया बाजाराला कोसच्या कोस चालत. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ साली आलं. डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला चालत जाणाऱ्या बायकांचं चालणं त्यात आहे. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महारा-मांगांच्या ताटाची नोंद केली. ही दोन्ही पुस्तकं कार्यकर्त्यांच्या झोळीत असावीत. कविता आपल्याकडं पुष्कळ झाली; आता ताटाचं आणि वाटेचं दप्तर तयार करायचं आहे.

बाया टोळीनं का जात? गप्पा मारायला जात हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की एकटी बाई रानात सापडली तर तिच्यावर काय ओढवेल याची खात्री नसे. खुरपायला गेलेल्या बाईनं तणातला तांदुळजा ओटीत घातला, तर संध्याकाळी ‘ओटी झाड’ म्हणून अडवणारे मालक होते. तण काढायची मजुरी तो देणार, तण उकिरड्यावर जाणार, पण बाईनं घरी नेलं तर चोरी. जिनं तण उपटलं तिची ओटी तपासायची! हे ज्या पोरांनी आईच्या पदराला धरून बघितलं, ती पोरं आज साठीत आहेत. त्यांना विचारा.

३. रानाला कुंपण पडलं

इंग्रज येण्याआधी रान मोकळं होतं आणि सगळं गोडीगुलाबीचं होतं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. जात तेव्हाही होती, वेठ तेव्हाही होती. पण रानाला कागदाचं कुंपण पडलं ते इंग्रजी राजवटीत.

१८३६ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला नंबर पडला, आकार बसला. पडिकालाही नंबर पडला. जे कुणाचंच नव्हतं ते सरकारचं झालं. १८६४ साली वनखातं उभं राहिलं. १८६५ साली पहिला वनकायदा झाला आणि १८७८ साली दुसरा, जास्त कडक. रानाचे राखीव, संरक्षित असे वर्ग पडले. राखीव रानात परवानगीवाचून शिरायचं नाही, चारायचं नाही, तोडायचं नाही, वेचायचं नाही. १९२७ च्या कायद्यानंही हाच पाया धरला. वनोपज म्हणजे काय याची व्याख्या वाचा : पानं, फुलं, फळं, गवत, मध, मेण सगळं आलं. म्हणजे आमच्या आज्जीच्या परडीतली वस्तू न् वस्तू सरकारच्या यादीत गेली.

ही गोष्ट पहिल्यांदा ज्यांना नीट दिसली त्यांत जोतिबा फुले होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ साली पुरा केला. पूर्वी थोड्या जमिनीवर भागत नसलेली कुटुंबं रानातल्या पाल्याफळांवर आणि चाऱ्यावर तगून राहत, आणि जंगलखात्यानं डोंगर, पडीक, गायरानं घशात घातल्यावर त्यांची कशी कोंडी झाली, हे त्यांनी मांडलं. पुढं ठाणे-कुलाब्यात ओरड इतकी वाढली की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. तिथं मोठा प्रश्न भातशेतीच्या राबासाठी लागणाऱ्या टहाळाचा होता. म्हणजे कैफियत मुख्यतः जमीन कसणाऱ्याची. ज्याच्याकडं भातखाचरच नाही, जी बाई नुसती मोळी आणि पाला आणते, तिची कैफियत त्या कागदांत सापडणं कठीण. जिच्या हातात सातबारा नाही तिचं गाऱ्हाणं कागदाला दिसत नाही. हे तेव्हा होतं आणि आजही आहे.

दुष्काळ पडला की मात्र सरकारला रानाची आठवण व्हायची. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर दुष्काळाच्या संहिता तयार झाल्या. टंचाई तीव्र झाली तर राखीव जंगलं चराईला आणि वेचणीला उघडायची सोय त्यांत ठेवलेली होती. याचा अर्थ सरकारला चांगलं ठाऊक होतं, की रानावर माणसं जगतात. चांगल्या वर्षी बंदी आणि मरायच्या वर्षी परवानगी!

४. महाड, वतन आणि वाट

१९ आणि २० मार्च १९२७. महाड. बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी घेतलं हे आपण सांगतो. त्याच परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्ट्या भाकरीवर जगणं सोडा, असं बजावलं. हे सांगणं सोपं होतं काय? उष्टी भाकर म्हणजे येसकराच्या पाळीचं, अपमानाचं, पण रोजचं अन्न. ते सोडायचं म्हणजे ताटातला मोठा भाग रिकामा करायचा. गावोगावच्या महारांनी तो केला. मान खाली घालून मिळणारी भाकर नाकारली. मग त्या रिकाम्या जागी काय आलं? मजुरी आली, शहराची वाट आली, गिरणी आली. आणि जे गावातच राहिले त्यांच्या ताटात पुष्कळदा रान आलं. माझं म्हणणं एवढंच, की पुरुषांनी येसकराची काठी टाकली तेव्हा बायांनी परडी उचलली. स्वाभिमानाच्या लढ्याची रसद या बायांनी पुरवली. त्यांच्या नावाची पाटी कुठंही नाही.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. वतनाच्या तुकड्यासाठी सगळ्या गावची आणि सरकारची वेठ करायची, या गुलामीवर तो घाव होता. बिल तेव्हा तडीला गेलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेबांच्या पश्चात.

याच काळात मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष स्टार्ट नावाचे अधिकारी, म्हणून तिला स्टार्ट समिती म्हणतात. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० सालच्या तिच्या अहवालात बहिष्काराचं हत्यार कसं चालतं हे स्पष्ट लिहिलं आहे. आमच्या लोकांनी हक्काचा शब्द काढला की वाणी सामान देणं बंद करतो, आणि सगळे वापरतात त्या वाटा आमच्यासाठी बंद होतात. दोस्तांनो, हे वाक्य डोक्यात पक्कं करा. बहिष्कार म्हटला की आपल्याला पाणी आणि किराणा आठवतो. वाट आठवत नाही. पण गावाभोवती चारी बाजूंनी सवर्णांची शेतं. रानात जायचं, ओढ्याला जायचं, मसणवट्यात जायचं तर त्यांच्याच बांधावरून. वाट बंद म्हणजे जळण बंद, भाजी बंद, मजुरी बंद, मेलेल्याला माती देणंही बंद. पाण्याइतकाच वाटेचा प्रश्न जुना आहे.

५. गायरानाचा झगडा

स्वातंत्र्य आलं तरी आमच्या नावावर जमीन आली नाही. कसेल त्याची जमीन, हा कायदा कूळ असलेल्याच्या कामाचा. जो कूळही नव्हता त्याला त्यातून काय मिळणार? म्हणून दादासाहेब गायकवाडांनी पडीक आणि गायरान जमिनींचा प्रश्न हाती घेतला. १९५९ साली रिपब्लिकन पक्षानं भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पेटला. लाखोंनी माणसं तुरुंगात गेली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली मुख्य मागणी. पोरं काखेला घेऊन बाया तुरुंगात गेल्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची दखल घ्यावी लागली. आपल्या चळवळीच्या इतिहासात एवढा मोठा आर्थिक लढा दुसरा झालेला नाही. तरी त्याची जयंती कुणी करत नाही!

मराठवाड्यात गायरान कसणं म्हणजे गावाशी वैर घेणं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. घोषणा विद्यापीठाच्या नावाच्या होत्या. पण ज्या गावांत आमच्या माणसानं गायरान नांगरलं होतं, बलुत्याची कामं सोडली होती, तिथं त्या आगीला जुना राग होता.

पुढं २८ नोव्हेंबर १९९१ चा शासननिर्णय निघाला. १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीन मागासवर्गीयांनी कसलेली गायरानं नियमित करायचं ठरलं. आदेश निघाला, पण पुष्कळ ठिकाणी सातबारा निघाला नाही. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायचा निकाल दिला. भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनी त्यानं अपवादात ठेवल्या. पण गावात निकालाचा पहिला भाग मोठ्यानं वाचला जातो आणि अपवाद कुणी वाचत नाही.

इथं एक अवघड प्रश्न आहे. तो आपल्यातच आहे, म्हणून टाळू नये. गायरान कसायला घेतलं की ते नांगरलं जातं. नांगरलं की त्यातलं वेचण्याचं रान जातं. ज्या घराला पट्टा मिळाला त्याचं भलं झालं. ज्या विधवेला मिळाला नाही, तिची जळणाची आणि भाजीची जागा गेली. पुरुष जमीन मागत होते, बाया रानही वापरत होत्या. म्हणून पट्टे मागू नयेत असं मी म्हणत नाही. जमीन मिळालीच पाहिजे, आणि ती बाईच्या नावावरही लागली पाहिजे. पण मागणीचा कागद लिहिताना ओढ्याचा काठ, वाट आणि वेचणीचं रान यांची ओळ वेगळी लिहिली पाहिजे. आजवरच्या आपल्या निवेदनांत ती ओळ अभावानंच दिसते.

६. बहात्तरचा दुष्काळ

रान सगळ्यांना जगवतं, असं म्हणणाऱ्यांनी १९७२ साल आठवावं. पाऊसच नाही तर तरोटाही नाही. ओढे आटले, झाडांचा पाला जनावरांनी संपवला, उरला फड्या निवडुंग. तेव्हा माणसं जगली ती खडी फोडून. बंडिंगवर, तलावावर, रस्त्यावर हजारोंनी बाया राबल्या. सुकडी वाटली गेली, बाहेरून आलेला मिलो खाल्ला. त्या कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली; १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. यातला धडा साधा आहे. रान ही जोड आहे. ते मजुरीची, जमिनीची, रेशनची जागा घेऊ शकत नाही. ‘तुम्हाला काय, रानात फुकट मिळतं की’ असं जो म्हणतो, त्याला बहात्तर साल दाखवा.

आणि आता रानही तसं राहिलेलं नाही. सोयाबीन आलं तसं तणनाशक आलं. तण जळालं की खुरपणीची मजुरी जाते आणि त्याच तणातली भाजीही जाते. एका फवाऱ्यानं बाईची दोन्ही साधनं जातात. शिवाय फवारलेल्या बांधावरची भाजी पोटात गेली तर विषाची भीती. म्हणून कुठं फवारलं आहे हे विचारल्याशिवाय आता भाजी खुडू नये.

७. कायदे काय म्हणतात

काही कलमं कार्यकर्त्याला माहीत पाहिजेत.

जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरच्या वाटेचा निकाल देतो. पण हक्क मागणारा जमीनधारक असावा लागतो. ज्याचं शेत आहे त्याला वाट. जी वेचायला जाते तिला नाही. तीच संहिता निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद करते. चराई, जळण, वाट यांची वहिवाट त्यांत लिहिलेली असते. विदर्भातल्या साथींनी तलाठ्याकडं हे कागद मागावेत. गायरानावरच्या अतिक्रमणांची नोंद गाव नमुना १-ई मध्ये असते. कसणाऱ्याचं नाव त्यात चढलं आहे का, हे आधी बघावं.

वनहक्क कायदा, २००६. आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपजाचा हक्क यानं दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ साली सामूहिक हक्क मिळवून दाखवला. पण आमचा माणूस यात ‘इतर’ मध्ये बसतो. त्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास शाबीत करावा लागतो. ज्या आज्यांना लिहिता येत नव्हतं, ज्यांच्या नावावर काही नव्हतं, त्यांच्या वेचणीचा कागद कुठून आणायचा? कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला आहे. म्हणून म्हाताऱ्या माणसांचे जबाब आजच लिहून घेतले पाहिजेत. माणूस गेला की पुरावा गेला.

अॅट्रॉसिटीचा कायदा, १९८९. २०१६ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या दुरुस्तीनं गावची सामाईक साधनसंपत्ती, स्मशान, नदी-ओढा, रस्ता, वाट वापरायला दलित-आदिवासींना अडवणं हा गुन्हा स्पष्ट लिहिला. सामाजिक-आर्थिक बहिष्कारही लिहिला. स्टार्ट समितीनं १९३० साली जे टिपलं, ते गुन्हा म्हणून इतक्या स्पष्ट शब्दांत लिहायला ८६ वर्षं लागली. आता निदान फिर्यादीत ते शब्द वापरा. ‘भांडण झालं’ असं फौजदार लिहील. तुम्ही ‘वाट अडवली’ असं लिहायला लावा.

८. करायचं काम

प्रत्येक शाखेनं आपल्या गावाचा एक नकाशा काढावा. त्यात देऊळ-चावडी नको. ओढा, गायरान, पडीक, मसणवटा, जळणाची जागा आणि तिथं जाणाऱ्या वाटा दाखवाव्यात. कोणती वाट कोणत्या साली कुणी बंद केली ते लिहावं. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या, पारध्यांच्या पालावरच्या म्हाताऱ्या बायांना सोबत घेऊन एक फेरी पावसाळ्यात करावी, एक सुगीत, एक उन्हाळ्यात. पोरांनाही न्यावं. भाज्यांची नावं त्यांच्याच बोलीत उतरून घ्यावीत, कारण गाव बदललं की नाव बदलतं. हे काम मुलींच्या हाती द्यावं. आपल्या बैठकींत त्या सतरंज्या घालण्यापुरत्या उरल्या आहेत, ते बंद व्हावं.

काही साथी म्हणतील, पाला खाण्याचे दिवस विसरायचे की मिरवायचे? मिरवायचे नाहीत. आमच्या आज्यांनी हौसेनं पाला खाल्ला नाही आणि त्यांच्या उपासाचं गाणं करायचं नाही. पण त्या ज्या जमिनीवरून चालल्या, तिच्यावर आमची वहिवाट आहे. वहिवाट सांगायची तर आठवण लागते, आणि आठवण कागदावर लागते. महोत्सवातल्या ताटलीशेजारी आणखी एक चिठ्ठी ठेवायला सांगा : ही भाजी कुठल्या गायरानातली, आणि ते गायरान आज कुणाच्या ताब्यात आहे?

जयभीम.